सदतीस ओळींतली माझी कोणती?

प्रश्न असा आहे. नागपुरातल्या एका कंपनीत बिलिंग सॉफ्टवेअरवर काम करणारे एक जण लिहितात, ‘आमच्याकडे सगळे डेव्हलपर ओरॅकल डेटाबेसला एकाच यूझरनेमने लॉगिन होतात. व्ही$सेशनमध्ये, म्हणजे चालू सेशनच्या (लॉगिनच्या) यादीत, त्या नावाने शोधलं की ३७ ओळी येतात. मला माझी क्वेरी ट्रेस करायची आहे, म्हणजे ती आत काय करते ते नोंदवायचं आहे, आणि ती अडकली तर फक्त माझंच सेशन किल करायचं आहे. मशीनचं नाव आणि लॉगिनची वेळ बघून आपली ओळ शोधली तर चालेल का?’

नाही चालणार. मशीनचं नाव आणि वेळ बघून मी स्वतः एकदा भलतंच सेशन किल केलेलं आहे, ते पुढे सांगते. आधी तुमचं काम अडू नये म्हणून थेट उत्तर.

ज्या सेशनची ओळख हवी आहे, त्याच सेशनमध्ये बसून डेटाबेसला विचारा. ओरॅकल १०जी पासून पुढच्या कुठल्याही आवृत्तीत हे चालतं. फोनवर ज्युनियरला वाचून दाखवते तशीच लिहिते:

सिलेक्ट सिस_कॉन्टेक्स्ट('यूझरएन्व्ही', 'सिड') फ्रॉम ड्युअल;

याला कुठलीही खास परवानगी लागत नाही. उत्तरात एक आकडा येतो, समजा १४३. ती तुमची एसआयडी, म्हणजे सेशनचा नंबर. आता व्ही$सेशनमध्ये यूझरनेमने न शोधता या एसआयडीने शोधा. ३७ ओळींच्या जागी एकच येईल. त्या ओळीतला सीरियल नंबर, समजा २०८१७, पहिल्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. दोन्ही एका दमात हवे असतील तर व्ही$सेशनच्या क्वेरीच्या व्हेअरमध्येच ‘एसआयडी = तो सिस_कॉन्टेक्स्ट’ असं लिहिता येतं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण तुमचा प्रश्न नीट वाचला तर अडचण वेगळीच दिसते. तुम्हाला ही ओळ कधी लागणार आहे? क्वेरी अडकल्यावर. आणि क्वेरी अडकलेली असताना त्या सेशनला काही विचारताच येत नाही, ते कामात गुंतलेलं असतं. मग तुम्ही दुसरी विंडो उघडता. ती विंडो म्हणजे दुसरं सेशन. तिथे वरची क्वेरी चालवली तर तिची स्वतःची एसआयडी मिळेल, अडकलेल्या सेशनची नाही. इथूनच माणूस अंदाजावर उतरतो: माझं मशीन, माझी वेळ, माझं प्रोग्रॅमचं नाव. म्हणून जड काम सुरू करण्याच्या आधी आपला नंबर विचारून ठेवायचा, किंवा सेशनवर बाहेरून दिसेल अशी खूण करून ठेवायची. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे.

आता दोन आकडे का, ते सांगते. नवीन मुलं एसआयडी पाठ करतात आणि सीरियल नंबर सोडून देतात. विदर्भ एक्सप्रेसचा बर्थ नंबर डोळ्यांपुढे आणा. ३२ नंबरच्या बर्थवर नागपूर ते अकोला एक जण झोपलेला असतो, तो उतरला की तोच बर्थ पुढच्या माणसाला मिळतो. बर्थ तोच, माणूस वेगळा. एसआयडी म्हणजे बर्थ नंबर. सर्व्हरवर सेशनसाठी ठरावीक जागा असतात. ११जी रिलीज २ पासून सेशन्स हा पॅरामीटर प्रोसेसेसच्या दीडपट अधिक २२ असा निघतो, म्हणजे प्रोसेसेस ३०० ठेवले तर ४७२ जागा. दिवसभरात हजारो लॉगिन होतात, त्यामुळे त्याच जागा पुन्हा पुन्हा वापरल्या जाणारच. जागा नव्या माणसाला गेली की सीरियल नंबर बदलतो. म्हणूनच ऑल्टर सिस्टीम किल सेशन ही कमांड एसआयडी आणि सीरियल दोन्ही मागते. तुम्ही ११ वाजता लिहून ठेवलेला १४३, २०८१७ हा जोड दुपारी ३ वाजता दिला आणि मधल्या काळात तिथे दुसरं कोणी आलेलं असलं, तर ओरॅकल ओआरए-०००३० देऊन नकार देईल. त्या माणसाचं काम वाचेल.

तुमच्याकडे आरएसी असेल, म्हणजे एकाच डेटाबेसवर दोन-तीन इन्स्टन्स, तर डब्याचा नंबरही हवा. एस-४ मध्येही ३२ नंबर असतो आणि एस-५ मध्येही. व्ही$सेशन फक्त तुम्ही ज्या इन्स्टन्सवर आहात तिथलीच सेशन दाखवतं, सगळीकडची बघायला जीव्ही$सेशन लागतं आणि त्यात इन्स्टन्सचा नंबर वेगळ्या कॉलममध्ये येतो. आपला इन्स्टन्स कोणता, तेही त्याच सिस_कॉन्टेक्स्टला ‘इन्स्टन्स’ विचारून कळतं. ११जी पासून किल सेशनमध्ये तिसरा भाग म्हणून @ लावून तो देता येतो. एकच सर्व्हर असेल तर हा परिच्छेद विसरा.

आता ती घटना. वर्ष २०११, मार्चअखेर. अमरावती रोडवर वाडीला एका वाहतूक कंपनीचं काम मी बघत होते. त्यांच्याकडे सगळी मंडळी एका टर्मिनल सर्व्हरवरून काम करायची, त्यामुळे व्ही$सेशनमध्ये प्रत्येकाचं मशीन एकच दिसायचं. यूझरनेम एक, प्रोग्रॅमचं नाव एक. मी एक मोठा अपडेट तपासायला चालवला होता, तो लॉकमध्ये अडकला आणि मला तो बंद करायचा होता. दुसऱ्या विंडोतून मी लॉगिनची वेळ बघितली. मी बसले तेव्हा माझ्या घड्याळात ११ वाजून ५ मिनिटं झाली होती हे पक्कं आठवत होतं. यादीत ११ वाजून ४ मिनिटांचं एक ॲक्टिव्ह सेशन दिसलं. किल केलं.

दोन मिनिटांत अकाउंट्सचे काका आमच्या खोलीच्या दारात. ‘मॅडम, भाड्याची बिलं पोस्ट होत होती, मधेच काहीतरी एरर आली.’ त्यांच्या स्क्रीनवर ओआरए-०००२८, तुमचं सेशन किल करण्यात आलं आहे. त्यांचं पोस्टिंग तासाभरापासून चालू होतं आणि मधे कुठेही कमिट, म्हणजे बदल पक्के करणं, नव्हतं. सर्व्हरचं घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा काही मिनिटं मागे होतं. लॉगऑन_टाइम हा कॉलम सर्व्हरच्या घड्याळाने नोंदलं जातं, माझ्या नाही. माझं सेशन यादीत दोन ओळी वर, १० वाजून ५८ मिनिटांनी सुरू झालेलं दिसत होतं.

नंतरचा वेळ आम्ही दोघं व्ही$ट्रान्झॅक्शनमधला यूज्ड_यूरेक हा कॉलम बघत बसलो. रोलबॅक, म्हणजे अर्धवट बदल मागे घेणं, चालू असताना तो आकडा कमी कमी होत जातो, शून्याकडे. लाखांच्या घरातून तो उतरताना बघणं फार जड गेलं. काका एक शब्द रागाने बोलले नाहीत, शेजारी खुर्ची ओढून बसले आणि ‘अजून किती?’ एवढंच अधूनमधून विचारत राहिले. रात्री त्यांनी बिलं पुन्हा पहिल्यापासून लावली. त्या दिवसापासून माझ्या टीममध्ये नियम आहे: हाताशी एसआयडी आणि सीरियल नसेल तर किल करायचं नाही.

मशीन, टर्मिनल, ओएस यूझर, प्रोग्रॅम हे कॉलम मग कशाला आहेत? शोध अरुंद करायला. ३७ चे ५ करायला ते उपयोगी आहेत. पण ती माहिती क्लायंटने पाठवलेली असते, डेटाबेस ती तपासत नाही.

पुढचा मुद्दा टूलचा, आणि यात अनुभवी माणसंही फसतात. ‘माझं सेशन’ म्हणताना तुम्ही एका विंडोकडे बोट दाखवता, पण विंडो आणि सेशन यांचं एकास एक नातं नसतं. एसक्यूएल डेव्हलपरमध्ये एकाच कनेक्शनवर दोन वर्कशीट उघडली तर दोन्हींचं सेशन एकच असतं. तिथे एका टॅबमध्ये अपडेट केलं आणि दुसऱ्यात कमिट दाबलं, तर पहिल्यातलं काम कमिट होतं. वेगळं सेशन हवं असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून अनशेअर्ड वर्कशीट घ्यावी लागते. डीबीव्हरचं उलट आहे: तो मुख्य कनेक्शन, मेटाडेटासाठी वेगळं आणि एडिटरसाठी वेगळं कनेक्शन उघडू शकतो, सेटिंगप्रमाणे. म्हणजे तुमच्या ३७ ओळींत एकट्या तुमच्याच तीन असू शकतात! म्हणून ज्या टॅबमध्ये जड क्वेरी चालवणार, त्याच टॅबमध्ये आधी एसआयडी विचारा. शेजारच्या टॅबमध्ये नाही.

याहून बारीक एक गंमत एसक्यूएल प्लसमध्ये बघायला मिळते. ‘सेट ऑटोट्रेस ऑन स्टॅटिस्टिक्स’ दिलं की त्याच कनेक्शनवर दुसरं सेशन तयार होतं. व्ही$सेशनमध्ये दोन ओळी, दोन एसआयडी, पण पीएडीडीआर हा कॉलम दोन्हींत सारखाच, कारण खालची प्रोसेस एकच आहे. ऑटोट्रेस दुसऱ्या सेशनमधून पहिल्याचे आकडे मोजतं, मोजणाऱ्याचं काम मोजमापात मिसळू नये म्हणून. हे एकदा स्वतः करून बघा. कनेक्शन, सेशन आणि प्रोसेस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे वाचून जितकं कळत नाही तितकं या दोन ओळी समोर आल्यावर कळतं. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात हे करायला लावते.

प्रोसेसचा विषय निघालाच आहे तर: लिनक्सवर टॉप कमांडमध्ये एखादी ओरॅकल प्रोसेस सीपीयू खाताना दिसली, तर तिचा पीआयडी व्ही$प्रोसेसमधल्या एसपीआयडीशी जुळवायचा, तिथून एडीडीआर हा व्ही$सेशनच्या पीएडीडीआरशी, आणि सेशन हाती येतं. विंडोज सर्व्हरवर सगळं एकाच प्रोसेसमधले थ्रेड म्हणून चालतं, त्यामुळे टास्क मॅनेजरमधून हे इतकं सरळ दिसत नाही.

इंटरनेटवर तुम्हाला दुसरीही उत्तरं सापडतील. सगळ्यात जास्त दिसतं ते ऑडसिडचं, म्हणजे सेशनच्या ऑडिट नंबरचं: यूझरएन्व्ही फंक्शनला ‘सेशनआयडी’ विचारा आणि व्ही$सेशनच्या ऑडसिड कॉलमशी जुळवा. साध्या लॉगिनला हे बरोबर चालतं. पण सिसडीबीए, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून आलेल्या सगळ्यांचा ऑडसिड १०जी पासून ४२९४९६७२९५ हाच असतो आणि बॅकग्राउंड प्रोसेसचा शून्य, म्हणजे तिथे एकाहून जास्त ओळी येतात. पॅरलल क्वेरी चालू असेल तर तिचं काम वाटून घेणारे स्लेव्ह मूळ सेशनचाच ऑडसिड घेऊन चालतात, पुन्हा अनेक ओळी. म्हणून किल करायला ऑडसिड वापरू नका. लॉग ठेवायला मात्र तो फार चांगला आहे आणि हे कमी लोक सांगतात. ऑडसिड एका सीक्वेन्समधून येतो, एसआयडीसारखा दुपारी पुन्हा दुसऱ्याला मिळत नाही. तुमच्या ॲप्लिकेशनच्या लॉग टेबलमध्ये ‘हा बदल कोणत्या सेशनने केला’ हे ठेवायचं असेल तर ऑडसिड ठेवा. जुन्या पद्धतीचं ऑडिटिंग चालू असेल तर डीबीए_ऑडिट_ट्रेलमधल्या सेशनआयडी कॉलमशी तो जुळतो आणि सहा महिन्यांनीही माणूस सापडतो. एसआयडी ठेवली असती तर तिचा तेव्हा काही उपयोग नसता.

व्ही$मायस्टॅटमधून एक ओळ घेऊन एसआयडी काढायची पद्धत १०जीच्या आधीची आहे. त्या व्ह्यूमध्ये तुमच्या सेशनचे शेकडो आकडे असतात आणि प्रत्येक ओळीत एसआयडी तीच, म्हणून रोनम = १ लावतात. चालते, पण त्या व्ह्यूवर परवानगी लागते. आज ती वापरायचं कारण नाही.

परवानगीचं जरा सविस्तर सांगते, कारण तुम्हाला पुढची अडचण इथेच येणार आहे. एसआयडी फुकट मिळते, सीरियल नंबरसाठी व्ही$सेशन वाचता यायला हवं. तुम्हाला ३७ ओळी दिसतात म्हणजे तुमच्या यूझरला ते आहे, पण बऱ्याच ठिकाणी ते रोलमधून, म्हणजे परवानग्यांच्या एका गठ्ठ्यातून, दिलेलं असतं. मग एडिटरमध्ये क्वेरी चालते आणि तीच क्वेरी प्रोसीजरमध्ये टाकली की ओआरए-००९४२, टेबल किंवा व्ह्यू नाही. रोलमधून आलेली परवानगी नेहमीच्या, म्हणजे मालकाच्या हक्काने चालणाऱ्या प्रोसीजरमध्ये लागू होत नाही, थेट ग्रँट लागते. आणि ग्रँट देताना नाव व्ही_$सेशन असं, अंडरस्कोरसकट. व्ही$सेशन हे नुसतं सिनॉनिम आहे, त्यावर ग्रँट द्यायला गेलात तर ओआरए-०२०३० येते. माझ्याकडे येणाऱ्या या विषयाच्या फोनांपैकी निम्मे या एका अंडरस्कोरपाशी सुटतात.

पण मी डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारी, म्हणून विचाराल तर सगळ्या डेव्हलपरना पूर्ण व्ही$सेशन द्यायला मला आवडत नाही. मी डीबीएच्या वेगळ्या स्कीमामध्ये एक व्ह्यू करते. त्यात व्ही_$सेशनमधून फक्त तीच ओळ येते जिची एसआयडी ही विचारणाऱ्याच्या सिस_कॉन्टेक्स्टमधल्या एसआयडीइतकी आहे. तो व्ह्यू सगळ्यांना सिलेक्टसाठी देते. प्रत्येकाला स्वतःची ओळ दिसते, दुसऱ्याची नाही. त्यासाठी त्या स्कीमाला व्ही_$सेशनवर ग्रँट ऑप्शनसह थेट परवानगी हवी, नाहीतर व्ह्यू पुढे देता येत नाही. व्ह्यू सिस या ओरॅकलच्या स्वतःच्या स्कीमामध्ये करायचा मोह टाळा, तिथे आपल्या वस्तू ठेवू नयेत.

इथवर आलो ते असं: नंबर आतून विचारायचा, जोडीने ठेवायचा, आधी विचारायचा. आता खूण करण्याचं बघू, कारण रोज कागदावर लिहिणं कोणाच्यानेही होत नाही.

ओरॅकलमध्ये डीबीएमएस_ॲप्लिकेशन_इन्फो नावाचं पॅकेज आहे. त्यातल्या सेट_मॉड्यूलने मॉड्यूल आणि ॲक्शन अशी दोन नावं सेशनवर लावता येतात, आणि ती व्ही$सेशनमध्ये लगेच बाहेरून दिसतात. डीबीएमएस_सेशनमधलं सेट_आयडेंटिफायर क्लायंट_आयडेंटिफायर कॉलम भरतं. त्यात ६४ बाइट मावतात, नाव आणि कामासाठी पुरेसे. तुम्ही काम सुरू करताना आयडेंटिफायर स्वतःच्या नावाने आणि ॲक्शन ‘मार्च बिल तपासणी’ असं लावलं, तर अडकल्यावर दुसऱ्या विंडोतून त्या नावाने शोधा: एसआयडी, सीरियल, सगळं एका ओळीत. सगळ्यांनी हे केलं तर ती यादी वाचण्यासारखी होते. एसक्यूएल प्लस वापरत असाल तर ग्लॉगिन नावाच्या फाइलमध्ये हे टाकून ठेवा, १०जी पासून ती प्रत्येक कनेक्टला चालते. माझ्या प्रॉम्प्टमध्येच यूझर, डेटाबेस आणि एसआयडी दिसते. वाडीच्या त्या दिवसानंतर लावलेला प्रॉम्प्ट आहे, आजपर्यंत काढलेला नाही.

तुमच्या ३७ पैकी काही सेशन ॲप्लिकेशन सर्व्हरच्या कनेक्शन पूलची, म्हणजे आधीच उघडून ठेवलेली आणि आळीपाळीने वापरली जाणारी, असणार. तिथे ‘माझं सेशन’ हा शब्दच नीट लागू होत नाही. स्क्रीनवर तुम्ही एकदा बटण दाबलं तेव्हा पूलने एक सेशन दिलं, पुढच्या बटणाला दुसरं. तिथे सेशनला ओळखण्यापेक्षा विनंतीला ओळखावं लागतं: पूलमधून कनेक्शन घेताना क्लायंट आयडेंटिफायर लावायचा आणि परत देताना क्लीअर_आयडेंटिफायरने पुसायचा. पुसायचं राहिलं तर पुढच्या माणसाचं काम तुमच्या नावावर दिसतं. ते नाव नसण्यापेक्षा वाईट, कारण लोक त्यावर विश्वास ठेवतात. हे व्यवस्थित केलं तर डीबीएमएस_मॉनिटरमधून एका आयडेंटिफायरचा ट्रेस चालू करता येतो. तो कितीही सेशनमध्ये विखुरला तरी टीआरसीसेस या टूलने त्या फाइली एकत्र करता येतात.

ट्रेसचं तुमचं काम मात्र याहून सोपं आहे. स्वतःच्या सेशनचा ट्रेस चालू करायला एसआयडी लागतच नाही. डीबीएमएस_सेशनमधलं सेशन_ट्रेस_एनेबल आपल्याच सेशनवर चालतं, यूझरला ऑल्टर सेशनची परवानगी असली की झालं. त्याआधी ट्रेसफाइल_आयडेंटिफायरला आपलं नाव द्या, ते फाइलच्या नावात येतं आणि सर्व्हरवरच्या शेकडो फाइलींत तुमची लगेच दिसते. ११जी पासून व्ही$डायग_इन्फोमध्ये ‘डिफॉल्ट ट्रेस फाइल’ या नावापुढे पूर्ण पत्ताही मिळतो.

आणि किल? स्वतःच्या सेशनमधून स्वतःला किल करता येत नाही, ओआरए-०००२७ येते. म्हणजे दुसरं सेशन लागणारच. शिवाय किल करायला ऑल्टर सिस्टीम ही परवानगी लागते. ती डेव्हलपरला देऊ नये असं माझं ठाम मत आहे, कारण तिच्यासोबत सगळ्या इन्स्टन्सचे पॅरामीटर बदलण्याचा अधिकार जातो. त्याऐवजी डीबीएने एक प्रोसीजर लिहावी, जी एसआयडी आणि सीरियल घेते, त्या सेशनचं यूझरनेम आणि क्लायंट आयडेंटिफायर मागणाऱ्याशी जुळतं का बघते आणि जुळलं तरच किल करते, आणि प्रत्येक वेळी एका टेबलमध्ये नोंद टाकते. आयडेंटिफायर कोणीही काहीही लावू शकतो, त्यामुळे हे कुलूप नाही. पण घाईत चुकीचा नंबर टाइप झाला तर ते अडवतं, आणि व्यवहारात नुकसान होतं ते घाईनेच. १८सी किंवा पुढची आवृत्ती असेल तर सेशन ठेवून फक्त चालू क्वेरी थांबवणारी ऑल्टर सिस्टीम कॅन्सल एसक्यूएलही आहे. प्रोसीजरमध्ये मी आधी तीच वापरते.

अशी खूण कोणीही लावू शकतो, म्हणून शेवटी मूळ गोष्टीवर यावंच लागतं: एक यूझरनेम सगळ्यांनी वापरणं. ‘ॲप्लिकेशनची टेबलं त्या स्कीमात आहेत, वेगळे यूझर कसे करणार?’ असं मला नेहमी विचारतात. त्यासाठी प्रॉक्सी लॉगिन आहे. प्रत्येकाचा स्वतःचा यूझर आणि पासवर्ड, आणि डीबीए ॲपच्या यूझरला ‘ग्रँट कनेक्ट थ्रू’ देतो. लॉगिन करताना स्वतःचं नाव आणि चौकटी कंसात ॲपचं नाव लिहायचं. आत गेल्यावर सगळं ॲपच्या यूझरसारखंच चालतं, पण सिस_कॉन्टेक्स्टला ‘प्रॉक्सी_यूझर’ विचारलं की खरं नाव मिळतं. यातलं नाव पासवर्डने सिद्ध झालेलं असतं, आपण टाइप केलेलं नसतं. शिवाय कोणी नोकरी सोडून गेलं की एक यूझर लॉक करायचा, सगळ्यांचा सामायिक पासवर्ड बदलत बसायचं नाही.

कधी दुसऱ्या डेटाबेसवर जावं लागलं तर तत्त्व हेच, शब्द वेगळे. पोस्टग्रेसमध्ये पीजी_बॅकएंड_पीआयडी हे फंक्शन आपला पीआयडी देतं आणि पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये त्याच्याशी ओळ जुळते. पीआयडीही पुन्हा वापरला जातो, म्हणून तिथे जोडीला बॅकएंड_स्टार्ट बघायचा. ॲप्लिकेशन_नेम लावायची सोय आहे, ती वापरा. मधे पीजीबाउन्सर हा कनेक्शन पूलर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर पुढच्या ट्रान्झॅक्शनला पीआयडी बदललेला असू शकतो, तेव्हा आधी विचारून ठेवलेला नंबर तिथे कामाचा नाही. मायएसक्यूएलमध्ये कनेक्शन_आयडी, आणि तो प्रोसेसलिस्टमधल्या आयडीशी जुळतो. परफॉर्मन्स स्कीमामधला थ्रेड_आयडी हा वेगळा आकडा आहे, किल करताना तो देऊ नका. एसक्यूएल सर्व्हरमध्ये @@एसपीआयडी आणि सिस डॉट डीएम_एक्झेक_सेशन्स. तिथे ५० च्या वरचे नंबर म्हणजे यूझरचे असं जुने लोक सांगतात, त्यावर न जाता इज_यूझर_प्रोसेस हा कॉलम बघा.

तुमच्यापुरतं सोमवारी काय करायचं ते सांगते. ज्या टॅबमध्ये काम करता त्यात पहिली ओळ सेट_आयडेंटिफायरची, दुसरी एसआयडी विचारायची. त्यासाठी कोणाला विचारायची गरज नाही. मग तुमच्या डीबीएकडे जाऊन तीन गोष्टी मागा: स्वतःची ओळ दाखवणारा व्ह्यू, आयडेंटिफायर तपासून किल करणारी प्रोसीजर, आणि तुमच्या टीमसाठी प्रॉक्सी लॉगिन. व्ह्यूला त्यांची पाच मिनिटं लागतात, तो आधी मागा. आवृत्ती कोणती आहे आणि आरएसी आहे का, हे कळवलंत तर प्रोसीजरचा सांगाडा मी इथेच लिहून देते.